चौतीस ब्लेझर आणि एक शेंडीवाला नारळ

माझ्या मावसबहिणीच्या वर्गातल्या रोहित नावाच्या मुलाला कावीळ झाली आणि मी एमबीएला गेलो. तीन दिवसांसाठी.

झालं असं. प्राजू, म्हणजे मावशीची प्राजक्ता, कोल्हापुरात एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. त्यांची कंपन्या बघायची सहल निघाली सिंधुदुर्गात. एक मासळीची कंपनी, एक आंब्याच्या रसाची, एक काजूची. तिन्ही मोठ्या, तिन्हींचाही माल परदेशात जातो. नावं लिहीत नाही, कारण पुढे काय झालं ते वाचलंत की तुम्हीच म्हणाल, बरं केलंस. माणशी अठ्ठेचाळीसशे रुपये भरून झाले होते आणि निघायच्या दोन दिवस आधी रोहित पिवळा पडला. पैसे परत मिळणार नव्हते, सीट रिकामी जाणार होती. प्राजूनं फोन केला. "ओमदादा, निम्म्या पैशात मालवण. येतोस?"

ती मला ओमदादा म्हणते तेव्हा तिला काहीतरी हवं असतं. एरवी मी ओंक्या. हवं होतं ते असं: वर्गात सगळ्यांना उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या कंपनीत काम शिकायला जायचं होतं. बाकीच्यांनी बाबांच्या मित्राला, काकांच्या साहेबाला फोन लावून जागा पकडल्या होत्या. प्राजूचे बाबा पिठाची गिरणी चालवतात, त्यांच्या ओळखी ज्वारीवाल्यांशी. या तीन कंपन्यांतून जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर उरलेल्यांना कॉलेजच्याच ऑफिसात बसवून कागदांवर शिक्के मारायला लावतात. गेल्या वर्षीच्या दोघी अजून शिक्के मारतायत, असं ती म्हणाली.

"मग बोल की तिथल्या लोकांशी," मी म्हटलं.

"तेच तर येत नाही ना," ती म्हणाली.

खरं होतं. घरात ही पोरगी गिरणीच्या पट्ट्यापेक्षा मोठ्यानं बोलते. पण टाय लावलेला माणूस समोर आला की हिची वाचा बसते.

मी बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलंय. त्यानंतर चार-पाच कामं धरली आणि रस्ता दिसला की सोडली. त्यामुळे एमबीएच्या बसमध्ये बसायचा मान मला कावीळच देऊ शकत होती. त्यांच्या कदम सरांनी अट घातली. कंपन्यांना चौतीस जण कळवलेत, तेव्हा गेटवर चौतीस डोकी भरली पाहिजेत. मी रोहितचा ब्लेझर घालायचा, त्यावर रोहितचा बिल्ला लावायचा आणि तोंड उघडायचं नाही. मी दोन अटी पाळल्या.

पहिला दिवस : फोंडा घाट, मासळी आणि ब्लेझर

पहाटे सहाला बस सुटली. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. तुम्ही जाणार असाल तर हाच रस्ता धरा. वळणं बरीच आहेत, पण जंगल अगदी खिडकीला घासून जातं. उलटीची गोळी मात्र राधानगरीच्या आधी घ्या. दाजीपूरला घेऊन उपयोग नसतो, हे मागच्या सीटवरच्या तिघांनी सिद्ध केलं. कणकवलीत उसळ-पाव आणि चहा, साठ रुपये. तिथून कसाल, कट्टा, मालवण.

वाटेत कदम सर माईक घेऊन उभे. फेब्रुवारी संपत आला होता, घाट उतरताच उकडायला लागलेलं, आणि हा माणूस थ्री-पीसमध्ये. "मुलांनो, लक्षात ठेवा, संपर्क हीच संपत्ती! प्रत्येक कंपनीत निदान पाच माणसांशी बोलायचं. नाव, हुद्दा, सही. तीन कंपन्या, पंधरा सह्या!" आणि प्रत्येकाला एकेक लाल वही वाटली. मलाही मिळाली. तिच्यात मी तीन दिवस खाल्लेल्या पदार्थांची नावं लिहिली आहेत, म्हणून हा ब्लॉग इतका बिनचूक आहे.

दुपारी मासळीची कंपनी. आत शिरताना डोक्याला जाळीची टोपी, पायात गमबूट, आणि थंडी अशी की बाहेर नको वाटणारा ब्लेझर आत आईसारखा वाटला. कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात इतके भरभर चालत होते की मी बघत उभा राहिलो आणि माझा गट पुढे गेला. एक बाई मान वर न करता म्हणाल्या, "खंयचो रे तू?"

"कोल्हापूरचा."

"कोणाचो?"

आता काय सांगायचं? मी आईचं माहेर गडहिंग्लजचं आहे इथपासून सुरुवात केली. त्यांनी दोन प्रश्नांत त्यांची नणंद गडहिंग्लजात दिल्याचं काढलं, तिसऱ्यात ती आमच्या आजोळच्या गल्लीत राहते हे काढलं, आणि चौथ्याला मला "जेवलंस काय?" विचारलं. इकडे पुढच्या हॉलमध्ये चौतीसमधले तेहतीस जण व्यवस्थापकाभोवती कार्डं घेऊन उभे होते, लग्नात अक्षता धरून उभे असल्यासारखे. प्राजू शेवटच्या रांगेत. तिच्या पर्समध्ये नवीकोरी पन्नास कार्डं. सगळे पांगल्यावर ती पुढे झाली, हात पुढे केला, आणि व्यवस्थापकांनी तो हातात घेऊन हलवला. कार्ड दुसऱ्या हातातच राहिलं.

रात्री लॉजवर (तिघांत एक खोली, बाराशे रुपये, पाणी गरम यायला अर्धा तास) मी तिची वही बघितली. एक सही. हुद्दा : वॉचमन.

"तो बरा बोलला रे," ती म्हणाली.

दुसरा दिवस : आंब्याचा रस, विजयदुर्ग आणि टेबलाचा पाय

सकाळी देवगड तालुक्यात आंब्याच्या रसाची कंपनी. आंबा अजून झाडावर होता, त्यामुळे बघायला मिळालं ते चकचकीत रिकामं स्टील आणि एकशे दहा स्लाइड. एकविसाव्या स्लाइडला मी बाहेर कलमं मोजायला गेलो, म्हणून पुढचं प्राजूच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. या वेळी तिनं कार्ड दिलं. खरेदी विभागाच्या साहेबांनी ते घेतलं, दोन्ही बाजू नीट बघितल्या, "वा, छान जाड आहे," म्हणाले, आणि चार घड्या करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

"टेबल हललं का मग?" मी विचारलं.

"नाही हललं," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मला आवडलं नाही. पाणी आलं ते.

दुपारी विजयदुर्ग. किल्ला बघा, जरूर बघा. तटावरून खाडी आणि समुद्र दोन्ही एकाच नजरेत येतात. पण बारा ते चार जाऊ नका, दगड तापलेले असतात. ब्लेझर घालून तर कुणीही जाऊ नका. खाली बंदरावर मी बांगडा-भात खाल्ला, एकशे ऐंशी रुपये, सोलकढी दोनदा. बस माझ्यासाठी पंचवीस मिनिटं थांबली. कदम सर शिट्टी वाजवत बंदरापर्यंत आले होते. शिट्टी ऐकून एक होडी परत फिरली, मी नाही.

प्राजूच्या वहीत दिवसाअखेर दुसरी सही जमा झाली : कॅन्टीनच्या काकू.

"उद्याची शेवटची," ती म्हणाली. "आणि मला खरं तर उद्याचीच हवी होती. काजूची. पोती, प्रतवारी, गोदाम. मला त्यातलं कळतं रे."

"मग उद्या बोल."

"हो," ती म्हणाली. तिचा तो 'हो' ऐकूनच मला कळलं, उद्याही हस्तांदोलन होणार.

तिसरा दिवस : कट्ट्यापासून चार किलोमीटर

काजूची कंपनी एका सड्यावर आहे. सडा म्हणजे वर नुसता काळा कातळ, सावली नाही, माड तर दूरदूर नाही. मोठं गेट, काचेची इमारत, परदेशी पाहुण्यांसाठी झेंड्यांचे खांब. स्वागताला एचआरचे परब साहेब. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं मराठी. "आपणा सर्वांचं आमच्या प्रकल्पात हार्दिक स्वागत आहे. आज आमच्या नव्या हंगामाचा शुभारंभ असल्याने आपण भाग्यवान आहात." माझ्या बिल्ल्याकडे बघून, "ये रोहित, पुढे ये."

आठ स्लाइड मी पुढच्या रांगेत बसलो. नवव्याला लघवीचं निमित्त काढलं.

कंपाऊंडच्या कोपऱ्यात एक जुनं वडाचं झाड दिसलं. सगळं सपाट केलेलं, फक्त ते झाड आणि त्याखालचा शेंदूर लावलेला दगड जागच्या जागी. काचेच्या इमारतीची भिंतसुद्धा त्याला वळसा घालून गेली आहे. तिथे धोतर नेसलेले एक म्हातारे केळीचं पान मांडत होते आणि बाजूला पन्नास-साठ कामगार, बाया नि पुरुष, कातळावर बसून होते. बॉयलर थंड. कुणी हलत नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

म्हाताऱ्यांनी एक नारळ उचलून माझ्या नाकासमोर धरला. गुळगुळीत, घासून-पुसून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. "ह्येका शेंडी खंय आसा?"

शेंडी नव्हती. पाचही नारळांना नव्हती. मग कळलं ते असं. हंगाम सुरू करायच्या आधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाशी सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं बोलायचं, ही इथली रीत. बाबल आजो, म्हणजे हे म्हातारे, तो मान चालवतात. गाऱ्हाणं झाल्याशिवाय कामगार मशिनला हात लावत नाहीत. नारळ दरवर्षी आजोच आणायचे. यंदा कंपनीनं सांगितलं, सगळी खरेदी रीतसर, नोंदलेल्या पुरवठादाराकडून. नोंदलेला पुरवठादार कोल्हापूरचा. त्यानं हॉटेलांना लागतात तसे स्वच्छ, शेंडी उपटलेले, पाच नग पाठवले. म्हणजे जिथे झोपताना वर माड नाही ना बघावं लागतं, त्या मुलखात नारळ घाट उतरून आला, तोही बोडका.

"देवाक बोडको नारळ दाखयतंत," आजो म्हणाले. "आणि म्हणे एक्सपोर्ट!"

बायांमध्ये खसखस पिकली.

"मी आणतो," मी म्हटलं. मला काय, स्लाइडपासून लांब जायला मिळत होतं.

आजोंनी कमरेची स्कूटरची किल्ली काढून दिली. "कट्ट्यार बाजारात मिळात. सोललेलो, सुको, शेंडी आसलेलो. ब्रेक लागणा नाय तिका, पाय लावूचो लागता. आणि सरळ जा, सरळ ये!"

चार किलोमीटर. जायला दहा मिनिटं, यायला दहा. नारळ पहिल्याच दुकानात मिळाले, तीस रुपयाला एक, दोन घेतले. पण त्या दुकानाच्या शेजारी एक बाई घावणे काढत होत्या. बिडाच्या तव्यावर पीठ ओतलं की जो आवाज होतो, तो ऐकून जो सरळ जाईल त्याला माझा नमस्कार. चार घावणे, नारळाची चटणी, पन्नास रुपये. त्यापुढे खाजा मिळतो. बेसनाच्या कांड्या, वर गूळ आणि आलं. तो चाखून बघितल्याशिवाय घेऊ नये, आणि चाखायचा तर तीन दुकानांत, नाहीतर तुलना कशी होणार? मी परत गेटवर पोचलो तेव्हा तासाला पाच मिनिटं कमी होती.

आजोंनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या ओठांवरच्या गुळाकडे. "आवशीचो घो तुझ्या," ते शांतपणे म्हणाले, आणि नारळ हातात घेऊन शेंडी निरखली. पसंत पडली.

"आता सांग, तुझा काय?"

"माझं काय?"

"नारळ ज्येणा हाडलो, त्येचा मागणा पयला घालूचा लागता. रीत आसा. पण खरा नाव सांग. ह्या बिल्ल्यावरचा नको, तुझा तोंड रोहितासारख्या दिसणा नाय."

रोहितसारखं तोंड कसं असतं ते मी विचारलं नाही. मी खरं नाव सांगितलं. आणि मग माझ्या डोक्यात आलं ते आलं. माझ्यासाठी मागण्यासारखं काही नव्हतं, घावणे तर खाऊन झाले होते. मी म्हटलं, माझं राहू दे, माझ्या बहिणीचं घाला. आणि सगळं सांगितलं : गिरणी, कार्ड, टेबलाचा पाय, शिक्के, दोन महिन्यांचं काम, आणि बोलण्याच्या ओघात माझं अर्धवट बी. कॉम.सुद्धा.

आजो डोळे मिटून ऐकत होते. "पुरा झाला तर फेडूक येवचा लागतला. मागणाऱ्यान सोता. कुरियर चालणा नाय."

"येईन की," मी म्हटलं. असे शब्द मी बरेच ठिकाणी देतो.

आता माझी चूक काय झाली बघा. मी वेळेत आलो असतो तर गाऱ्हाणं कामगारांसमोर झालं असतं, बाहेरचं कुणी नसतं. पण त्या तासाभरात आतल्या स्लाइड संपल्या होत्या, प्रकल्प बघून झाला होता, आणि बॉयलर का पेटत नाही ते बघायला प्लँटचे मोठे साहेब, परब साहेब, कदम सर आणि तेहतीस ब्लेझर असे सगळे वडाखाली येऊन उभे राहिले. प्राजू माझ्या शेजारी आली. "कुठे होतास? मी आत्ताच परब सरांसमोर..."

"हस्तांदोलन?"

"दोनदा," ती म्हणाली.

विडा मांडला, नारळ ठेवला, उदबत्ती लागली. आजोंनी पागोटं सारखं केलं आणि त्या वाळक्या देहातून असा आवाज निघाला की झेंड्याच्या खांबावरचा कावळा उडाला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" कामगार एका दमात. आणि माझ्या कानाशी परब साहेबसुद्धा. इस्त्रीचं मराठी कुठल्या कुठे.

"आज तुझ्या लेकरांनी हय तुझ्यासमोर नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बॉयलरात काय खोड आसात, ती काढून टाक रे म्हाराजा! गेल्या वर्सा ट्रक कलांडलो, तशी वेळ परत हाडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दोन हाकांत ब्लेझरवालेही ओरडायला लागले. आवाजच तसा, पाय जसा ढोलावर हलतो तसं तोंड हलतं. मग आजोंनी माणसांना हात घातला. वर्षभर जो तो येऊन त्यांच्या कानात काय काय सांगून गेलेला, ते सगळं त्यांच्या लक्षात होतं.

"परबांच्या झिलाचा लगीन तीन वर्सा रखाडलाहा, ता यंदा जुळान येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साठ जण. परब साहेब जरा हळू.

"मोठ्या सायबांका पुण्याक बदली होयी आसा, ती त्येंका मिळांदे, आणि जाग्यार येतलो तो बरो मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मोठे साहेब आकाशात कावळा शोधायला लागले. ही बदलीची गोष्ट कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हती, निदान तेव्हापर्यंत.

आता आपलं मागणंही असंच मोठ्यानं येणार, हे माझ्या ध्यानात आलं. मी प्राजूकडे बघितलं. ती मजेत ओरडत होती.

"आणि म्हाराजा! ह्या प्राजक्ता नावाचा चेडू, गिरणीवाल्याचा, घाट उतरान तुझ्या दारात इलाहा! बुद्धी आसा, पण सायबासमोर तोंड उघडणा नाय! कार्ड दिल्यान ता टेबलाच्या पायाखाली गेला! त्येका ह्याच कारखान्यात दोन म्हयन्यांचा काम गावांदे, आणि परबांका तशी बुद्धी होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साठ कामगार, तेहतीस ब्लेझर, कदम सर, मोठे साहेब. आणि परब साहेब! सवयीनं, हात जोडून, देवासमोर, सगळ्यांच्या देखत. म्हणून झाल्यावर त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मी प्राजूकडे बघायचं टाळलं. पण कानाजवळून गरम वाफ लागावी तसं काहीतरी लागत होतं.

"ओंक्या," ती दातातून म्हणाली, "तू माझ्या नावानं भीक मागितलीस. सगळ्यांसमोर."

मला वाटलं होतं ती लाजेल, नंतर हसेल. ती लाजली नव्हती. तिला लागलं होतं. आणि हे कळेपर्यंत आजो पुढे गेले होते, माझ्याकडे बोट करून.

"आणि ज्येणा नारळ हाडलो, तो ओंकार! बिल्लो एकाचो, नाव दुसऱ्याचा! शिक्षान अर्धा सोडलेलो, पायाक भिंगरी लागलेली, चार किलोमीटर जावक एक तास लावणारो आणि तोंडाक गूळ फासून येणारो! त्येच्या पायाक कायतरी बंद घाल रे म्हाराजाऽऽ!"

कामगार हसायला लागले, त्यामुळे उत्तर यायला क्षणभर उशीर झाला. त्या रिकाम्या क्षणात एकच आवाज आला. गिरणीच्या पट्ट्यापेक्षा मोठा.

"व्हय म्हाराजाऽऽ!"

सगळे वळून बघायला लागले. प्राजू होती. मुठी वळलेल्या, नाक लाल. तीन दिवसांत वर्गानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला असेल. कदम सरांची शिट्टी गळ्यातून घसरून पोटावर आली होती.

नारळ फुटला, बॉयलर पेटला, प्रसाद वाटायला लागले. परब साहेब घाईघाईनं आमच्याकडे आले. मराठीला परत इस्त्री. "हे बघ बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण निवड अशी होत नसते. अर्ज असतो, मुलाखत असते..."

"मला माहीत आहे सर," प्राजू म्हणाली. राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरेपर्यंत भीतीला आत यायला जागाच नव्हती. "मघाचं ते झालंच नाही असं समजा. मी मागितलेलं नाही. तुम्ही मुलाखत घ्या. नाही जमली तर नाही म्हणा."

"पण मघाशी तू एकही प्रश्न विचारला नाहीस."

"एक होता. गोदामात. विचारायचा राहिला."

"विचार."

"इथे नाही. तिथे चला."

आणि ती निघाली. परब साहेब मागे. मी त्यांच्या मागे, कारण कुणी नको म्हटलं नाही. काजूच्या बियांच्या पोत्यांची थप्पी छपरापर्यंत. प्राजू पश्चिमेच्या भिंतीशी गेली.

"सर, भिंत आणि पोती यांच्यात हात घालून बघा."

परबांनी हात घालायचा प्रयत्न केला. मनगटसुद्धा गेलं नाही.

"आमच्या गिरणीत भिंतीपासून हातभर सोडून लावतात. ही भिंत दमट आहे, खाली पांढरा खार फुटलाय. खालच्या रांगेची शिवण बघा, ताग काळा पडलाय. वरची पोती तुम्ही आधी उचलणार, खालची शेवटी. तोवर तळाच्या मालाला बुरशी लागेल, आणि तुम्ही म्हणाल शेतकऱ्यानंच ओला दिला."

परब वाकले. शिवणीला नख लावलं. ताग तुटला. मग उठून त्यांनी गोदामवाल्याला हाक मारली, ती मालवणीत होती आणि इथे लिहिण्यासारखी नव्हती.

"तुझं कार्ड दे," ते प्राजूला म्हणाले.

तिनं दिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून एकदा हातानं दाबलं. "मेलवर अर्ज कर. फोनवर मुलाखत होईल. तिथे मी एकटा नसतो, आणि कुणाच्या वशिल्यानं चालत नाही. देवाच्यासुद्धा." मग माझ्या बिल्ल्याकडे वळून, "आणि रोहित, तू ओंकार कसा झालास?"

"काविळीनं, सर," मी म्हटलं.

गेटवर प्रतवारीच्या टेबलाच्या बाया सुट्टीच्या चहाला उभ्या होत्या. "परबानु, चेडू कधीपासून येता?" एकीनं विचारलं. परब तडक आत गेले. "कान लाल झालेत," दुसरी म्हणाली. "म्हणजे येता."

घरी

परतीला प्राजू माझ्याशी फोंड्यापर्यंत बोलली नाही. घाटाच्या तिसऱ्या वळणावर तिनं हात पुढे केला. मी खाज्याची पुडी दिली. "पुन्हा माझ्या नावानं काही मागायचं असलं तर आधी मला विचारायचं," ती म्हणाली. मी हो म्हटलं, आणि या वेळी मनापासून. कदम सरांनी वह्या तपासल्या. वर्गाच्या मिळून चारशेच्या वर सह्या झाल्या होत्या. प्राजूच्या तीन, तिसरी परब साहेबांची. माझ्या वहीत सह्यांच्या जागी बांगडा, सोलकढी, घावणे, खाजा (दुकान क्रमांक दोनचा सर्वांत चांगला). सर म्हणाले, "पुढच्या वर्षी कुणालाही कावीळ झाली तरी तू यायचं नाहीस."

दोन आठवड्यांनी फोनवर मुलाखत झाली, तिघांनी मिळून घेतली. प्राजू सांगते की पहिल्या मिनिटाला तिची वाचा पुन्हा बसली होती, मग तिनं मनात मला चार शिव्या दिल्या आणि सुटली. एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. आता ती कट्ट्यात एका घरी खोली घेऊन राहते, रोज सकाळी पोती मोजते. परबांच्या मुलाचं लग्न जुळलंय. मोठे साहेब अजून तिथेच आहेत, पण चौकशी सुरू आहे म्हणतात.

राहिलो मी. दर उन्हाळ्यात मी कुठल्यातरी दिशेनं सुटतो, ठरवून परत कुठेच जात नाही. एकदा बघितलेलं गाव मी दुसऱ्यांदा बघितलेलं नाही. या मे महिन्यात हंपीला जायची बॅगही भरली होती. पण रात्री झोपताना तो आवाज यायचा, 'मागणाऱ्यान सोता, कुरियर चालणा नाय.' चारशे सह्यांतल्या किती जणांना परत बोलावणं आलं ते मला माहीत नाही. ज्यानं एकही सही घेतली नाही, त्याला मात्र आलं. बाकी कुणाला नसेल, पण देवाला माझा पत्ता कळलाय.

काल प्राजूचा फोन आला. मागे टेबलावर काजू पडल्याचा खडखडाट.

"ओमदादा, बाबल आजो विचारतायत, नारळ कधी?"

"रविवारी येतो. कोल्हापुरातून घेऊनच..."

"खबरदार! कट्ट्यातून घे. शेंडी बघून. आणि सरळ ये."

"सरळच येणार. सांग त्यांना, सकाळी नऊला झाडाखाली हजर."

ती फोन बाजूला धरून टेबलावरच्या बायांना म्हणाली, "नऊला येतो म्हणतोय. म्हणजे अकराला."

आणि पलीकडून सगळं टेबल एका आवाजात म्हणालं,

"व्हय म्हाराजाऽऽ!"